करंडकाला नाव, मानाच्या यादीत मात्र नाही

विजय हजारे करंडक म्हटलं की घरातली शाळकरी मुलंसुद्धा कोणत्या राज्याने कोणाला हरवलं ते सांगतात. पण हे हजारे कोण, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. करंडकाला नाव मिळालं आणि त्यामागचा माणूसच पुसट झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 2009 मध्ये आपलं ‘हॉल ऑफ फेम’ सुरू केलं. 2025 पर्यंत त्यात अकरा भारतीय आले. गावसकर, बेदी, कपिलपासून धोनीपर्यंत सगळे मानाचे मानकरी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की बडोद्याच्या विजय हजारे यांचं नाव त्यात नसणं ही मोठी चूक आहे.

हजारे 11 मार्च 1915 रोजी सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. आधी महाराष्ट्राकडून खेळले. 1939-40 च्या हंगामात पुण्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. भारतीयाचं हे पहिलं प्रथम श्रेणी त्रिशतक. पुढे ते त्याच बडोद्याचे झाले आणि 2004 मध्ये तिथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत तेव्हा संघ धर्मावर पडायचे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन यांत न बसणाऱ्यांचा संघ म्हणजे ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध या उरलेल्यांचा दुसरा डाव 387 धावांत आटोपला. त्यातल्या 309 धावा एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटे भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी 300 धावांची भागीदारी केली, तीत विवेकच्या धावा होत्या फक्त 21. सामना हातून गेला, पण एक माणूस अख्खा डाव कसा खांद्यावर घेतो ते मुंबईने पाहिलं.

इंदूर आणि बडोदे या दोन्ही गावच्या वाचकांना 1947 चा रणजी अंतिम सामना ऐकून माहीत असेल. आदल्याच वर्षी होळकर संघाने बडोद्याला अंतिम सामन्यात हरवलं होतं. या वेळी हजारे (288) आणि गुल महंमद (319) यांनी चौथ्या विकेटसाठी 577 धावा जोडल्या. कोणत्याही विकेटसाठीचा हा जागतिक विक्रम 2006 पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं, टिकला. 2024 मध्ये पर्वरीला गोव्याच्या स्नेहल कौठणकर आणि कश्यप बखले यांनी नाबाद 606 केल्या, पण त्या तिसऱ्या विकेटसाठी. चौथ्या विकेटचा आकडा अजून बडोद्याच्याच नावावर आहे.

“हे सगळं घरच्या मैदानावरचं,” असं कोणी म्हणेल. मग ॲडलेड पाहू. जानेवारी 1948. ब्रॅडमनच्या 201 धावांसह ऑस्ट्रेलियाच्या 674. समोर लिंडवॉल आणि मिलर. पहिल्या डावात हजारे 116. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात संघाच्या 277, त्यात सहा जण शून्यावर बाद, लिंडवॉलचे सात बळी, आणि हजारे 145. एकाच कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात ब्रॅडमनचा त्रिफळाही त्यांनीच उडवला होता.

पुढच्या वर्षी मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्ध 361 धावांचं लक्ष्य होतं. हजाऱ्यांनी 122 केल्या आणि भारत 355 वर, विजयापासून सहा धावा दूर थांबला. 1952 मध्ये लीड्सला दुसऱ्या डावात फलकावर शून्यावर चार बाद लागलं, तेव्हा जखमेवर पट्टी बांधायला पुन्हा कर्णधार हजारेच होते. 56 धावा काढून त्यांनी फडकरांबरोबर शतकी भागीदारी केली.

त्यांच्याविरुद्ध दोन मुद्दे नेहमी येतात. एक, कसोटी फक्त 30. खरं आहे. पण पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हा वय 31 होतं. भरात असतानाची वर्षं महायुद्धाने खाल्ली. तरीही 2192 धावा, सात शतकं, सरासरी 47.65. प्रथम श्रेणीत 18,740 धावा, 60 शतकं आणि वर 595 बळी. फलंदाज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा हा बळींचा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

दुसरा मुद्दा कप्तानीचा. 14 कसोटींत विजय एकच, पाच पराभव. डावपेच बचावाचे, स्वभाव मितभाषी. हेही मी नाकारत नाही. पण तो एक विजय कोणता? फेब्रुवारी 1952, मद्रास, इंग्लंडवर एक डाव आणि 8 धावांनी. पहिल्या कसोटीनंतर वीस वर्षांनी भारताने जिंकलेली ही पहिली कसोटी. मंकडांनी त्यात बारा बळी घेतले. 2021 मध्ये परिषदेने त्याच मंकडांना मान दिला. म्हणजे त्या काळाकडे परिषदेचं लक्ष जातं, तेव्हाच्या कमी सामन्यांची अडचणही तिला समजते. मग मंकडांच्या शेजारची खुर्ची रिकामी का?

मला कारण साधं वाटतं. हजाऱ्यांच्या खेळाचं चित्रण फारसं नाही आणि स्वतःबद्दल बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. 1960 मध्ये जसू पटेल यांच्यासह पद्मश्री मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू, पण त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. अशा माणसासाठी दुसऱ्यांनी बोलावं लागतं, आणि त्यांना खेळताना पाहिलेली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.

म्हणून सुचवावंसं वाटतं. आपल्याकडे ज्येष्ठांच्या आठवणी असतील, जुनी कात्रणं असतील, तर बडोद्याच्या मराठी मंडळींनी ती एकत्र करावीत आणि बडोदे क्रिकेट संघटनेमार्फत परिषदेकडे रीतसर मागणी करावी. त्या पत्रावर इंदूरकरांचीही सही असावी, असा माझा आग्रह आहे. त्या 577 धावा त्यांच्याच गोलंदाजांनी सोसल्या होत्या. प्रतिस्पर्ध्याच्या साक्षीइतकी वजनदार साक्ष दुसरी नाही.