मेंदूच्या वेशीवरचा पहारा

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले, तेव्हा जवळजवळ सगळे अवयव रंगले. मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूला हे रंग धरतच नसावेत, असे त्यांना वाटले. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये हाच प्रयोग उलटा केला. रंग रक्तात न देता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदूला रंग धरत होता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी त्याला अडवत होते. यालाच आज ‘रक्त-मेंदू अडथळा’ म्हणतात.

हा अडथळा म्हणजे वेगळा पडदा नव्हे, तर मेंदूतील केशवाहिन्यांची भिंतच. शरीरात इतरत्र या भिंतींतून बरेच काही झिरपते. मेंदूत मात्र भिंतीच्या पेशी क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. प्राणवायू सहज आत जातो, ग्लुकोजला वाहक प्रथिने आत नेतात. जंतू, अनेक विषारी द्रव्ये आणि बहुतेक औषधे मात्र बाहेरच थांबतात.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण आपण घेतो त्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणूही तयार होतात. थोड्या प्रमाणात ते उपयोगीच असतात आणि जास्तीचे रेणू निकामी करणारी ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये शरीराकडे असतात. हा तोल बिघडला की त्याला ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ म्हणतात. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखूचा धूर हा ताण वाढवतात.

या ताणाचा मारा अडथळ्याच्या शिवणीवर होतो. पेशींच्या आवरणातील मेद बिघडतो, सांध्यांतील प्रथिने जागची हलतात, काही विकरे जागी होऊन भिंतीचा आधारच कुरतडू लागतात. मग रक्तातील पाणी आणि प्रथिने मेंदूत झिरपतात, सूज येते. संरक्षक पेशी धावून येतात, पण त्याही असेच रेणू सोडतात आणि भिंत आणखी सैल होते.

पक्षाघातात हे सारे काही तासांत घडते. गुठळीमुळे रक्त अडते, भिंतीच्या पेशी उपाशी पडतात. पुढे रक्तप्रवाह सुरू झाला की प्राणवायू एकदम येतो आणि या रेणूंचा लोंढा उसळतो. उशीर झाला असेल तर तोवर दुबळ्या झालेल्या भिंतीतून रक्तस्रावही होऊ शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

मग हे रेणू निकामी करणारे औषधच दिले तर? तसा प्रयत्न झाला आहे. एनएक्सवाय-०५९ या औषधाच्या २००६ मधील मोठ्या चाचणीने आशा दाखवली. पण तीन हजारांहून अधिक रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत, २००७ मध्ये, फायदा दिसला नाही. प्रयोगशाळेत पटणारे प्रत्येक गणित रुग्णाच्या शरीरात जुळतेच असे नाही. त्यामुळे ‘अँटिऑक्सिडंट’ असे लिहिलेल्या महागड्या गोळ्यांनी मेंदूचे रक्षण होते, या जाहिरातीवर विसंबू नये. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि रोज चालणे यांवर खर्च कमी आणि भरवसा अधिक.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ असे म्हणत बसू नका. घड्याळ पाहा, माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी गोळी घरी देऊ नका, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. आपोआप जिरणारी लक्षणेसुद्धा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवीत.