एकच बॅकएंड, अनेक भाषा: एलएलव्हीएमची गोष्ट

रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषा एकमेकींपेक्षा इतक्या वेगळ्या, तरी सगळ्यांच्या मागे एलएलव्हीएम हेच नाव कसं येतं, ते आज बघूया.

आधी साधा हिशोब. समजा ५ भाषा आहेत आणि ४ प्रकारचे प्रोसेसर. प्रत्येक जोडीसाठी वेगळा कंपायलर लिहायचा म्हटलं तर झाले २०. आता मधे एक सामायिक भाषा ठेवा, तिला आयआर म्हणतात. प्रत्येक भाषेचा फ्रंटएंड आपला प्रोग्रॅम आयआरमध्ये उतरवतो आणि बॅकएंड त्यातून प्रोसेसरच्या सूचना काढतो. म्हणजे ५ अधिक ४, नऊत काम भागलं. शिवाय कोड वेगवान करण्याच्या बहुतेक युक्त्या आयआरवरच चालतात, त्यामुळे एकाने केलेली सुधारणा सगळ्यांच्या पदरात पडते.

२००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएम सुरू केलं. पुढे ते वाढलं मुख्यतः सी आणि सी++ च्या जोरावर. आणि खरी गोम इथेच आहे.

सी++ चा नियम तेव्हा असा होता की, बाहेर काहीच परिणाम न करणारा लूप कधीतरी संपणारच, असं कंपायलरने खुशाल धरून चालावं. एलएलव्हीएमने हे गृहीतक सगळ्याच भाषांना लावलं. रस्टमध्ये मात्र रिकामा, कधीच न संपणारा लूप पूर्ण वैध आहे. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर काही बिघडलं की 'आता इथेच थांब' हे सांगायला तो सर्रास वापरतात. एलएलव्हीएम कधीकधी तो लूपच उडवून टाकायचं! म्हणजे जिथे थांबायचं, तिथेच प्रोग्रॅम भलतीकडे जाणार. रस्टच्या नियमात चूक नव्हती, फ्रंटएंडही बरोबर होता. अखेर २०२१ च्या एलएलव्हीएम १२ मध्ये बदल झाला: 'लूप पुढे सरकतोच' ही हमी आता ज्या भाषेला हवी तिने स्वतःहून द्यायची.

मला यातून एवढंच म्हणायचंय, की मधली भाषा तटस्थ दिसली तरी जिने तिला वाढवलं, तिचे संस्कार तिच्यावर असतातच. तुम्ही स्वतःची भाषा बनवत असाल तर एलएलव्हीएम जरूर वापरा, फुकट मिळणारं काम सोडू नका. फक्त ते तुमच्या वतीने काय काय गृहीत धरतंय, हे आधी विचारून घ्या.