शर्ट आणि स्कर्ट

शर्ट म्हणजे सदरा आणि स्कर्ट म्हणजे परकरासारखें वस्त्र, हें आमच्या वाचकांच्या घरांतील लहान मुलेंहि सांगतील. परंतु हे दोन शब्द मुळांत एकच होत, हें ऐकून वडील मंडळीहि क्षणभर विचारांत पडतील.

इ. स. ७९३ मध्यें समुद्रावरून आलेल्या लुटारूंनीं लिंडिसफार्नचा मठ लुटला. ८६५ सालीं तर डेन लोकांचें मोठें सैन्यच इंग्लंडांत उतरलें. आल्फ्रेड राजानें ८७८ सालीं एडिंग्टन येथें त्यांचा पराभव केला, तरी ते सारे माघारी गेले नाहींत. देशाच्या उत्तर व पूर्व भागांत शेतीभाती करून राहिले. व्हिट्बी, ग्रिम्स्बी या नांवांतील 'बी' म्हणजे त्यांच्या बोलींतील 'गांव'.

दोघांच्या भाषा एकाच जर्मानिक कुळांतल्या, चुलत बहिणीच म्हणाना. मात्र इंग्लंडांत जुन्या 'स्क'चा 'श' झाला, डेनांच्या तोंडीं 'स्क' कायम राहिला. इंग्रजांचें 'शिप' तें डेनांचें 'स्किप', यांचा 'फिश' तो त्यांचा 'फिस्क'. तसेंच अंगांत घालावयाच्या आखूड वस्त्राला इंग्रज 'श्युर्टे' म्हणत, डेन 'स्क्युर्टा'. पहिल्याचा शर्ट झाला, दुसऱ्याचा स्कर्ट. आइसलंडांत 'स्क्युर्टा' म्हणजे अजूनहि सदराच. मग इंग्रजींत तो शब्द कमरेखालीं कसा उतरला? लांब सदऱ्याच्या खालच्या घेराला तें नांव चिकटलें असावें, असें आम्हांस वाटतें. एका अर्थाला दोन शब्द झाले म्हणजे भाषा त्यांची वांटणी करून देते. आपल्याकडे 'क्षेत्र' तीर्थाचें झालें आणि त्याचेंच 'शेत' कुणब्याकडे गेलें, तसेंच हें.

आपल्याकडील भाषाशुद्धीच्या वादांत हें उदाहरण क्वचितच निघतें. शत्रूची बोली म्हणून इंग्रजांनीं तिला दाराबाहेर ठेवलें नाहीं. 'स्किन' तिचा, 'स्काय' तिचा. फार काय, 'दे' हें रोजचें सर्वनामहि तिचेंच. 'स्काय'चा मूळ अर्थ ढग! विलायतेचें हवामान ज्यांनीं सोसलें आहे, त्यांना या अर्थांतराचें नवल वाटणार नाहीं.

या दोन्ही वस्त्रांचा 'शॉर्ट' म्हणजे आखूड या शब्दाशीं संबंध आहे आणि त्याच्या मुळाशीं कापणें हा अर्थ आहे. संस्कृतांतील 'कृत्' धातु त्याच मुळाचा मानतात. त्यापासून 'कर्तरी', आणि कर्तरीपासून आपली कात्री. म्हणजे शिंपी ज्या कात्रीनें शर्ट बेततो, ती कात्री आणि तो शर्ट, दोघांचीं नांवें दूरच्या कां होईना, नात्यांतलींच.