साडेचार हजारांत एक

इस्लामिक स्टेटच्या झेंड्याखाली लढायला किंवा संसार थाटायला सीरिया-इराकमध्ये बाहेरून किती माणसे गेली? संयुक्त राष्ट्रांचा अंदाज ४०,०००हून अधिक. तीही ११०पेक्षा जास्त देशांतून. १९३६ ते १९३९ या काळात स्पेनच्या यादवी युद्धात जगभरातून गेलेले आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक ३५,०००च्या आसपास होते. त्यांतले कितीतरी जण रात्रीच्या अंधारात पिरेनीज पर्वत पायी ओलांडून गेले. २०१४ साली ब्रसेल्स किंवा लंडनच्या पोराला एवढे कष्ट नव्हते. इस्तंबूलचे स्वस्त तिकीट काढायचे, तिथून बसने दक्षिणेकडे जायचे आणि सीरियाच्या ९०० किलोमीटर लांबीच्या सरहद्दीवरून कुठेतरी पलीकडे उतरायचे.

या ४०,००० जणांत पश्चिम युरोपातले सुमारे ५,९००. हा आकडा ऐकून छातीत धस्स होते. पण तो कशाच्या तुलनेत ठेवायचा, हे कोणी सांगत नाही. २०१६ साली युरोपात २ कोटी ५८ लाख मुसलमान राहत होते. म्हणजे गेलेला माणूस साधारण साडेचार हजारांत एक. त्यातही बरेच जण नव्याने धर्मांतर केलेले, म्हणून खरे प्रमाण याहूनही कमी. ज्यांनी ५,९००चा आकडा दाखवून आख्ख्या समाजाकडे बोट केले, त्यांनी उरलेल्या कोट्यवधी माणसांवर अन्याय केला, असे मला ठामपणे वाटते.

आणि हा एक जणही सगळीकडून सारखा गेला नाही. सहा कोटींच्या इटलीतून सव्वाशेच्या आसपास माणसे गेली. सव्वा कोटीही वस्ती नसलेल्या बेल्जियममधून चारशेहून अधिक. ब्रसेल्सला लागून व्हिलवोर्डे नावाचे गाव आहे. लोकसंख्या ४२,०००च्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे ठिकाण. तिथून २८ जण गेले. धर्म इटलीतही तोच, इंटरनेटही तेच. फरक पडला तो भरती करणाऱ्यांमुळे. बेल्जियममध्ये ‘शरिया फॉर बेल्जियम’ ही टोळी रस्त्यावर उतरून पोरे गाठत होती. एक गेला की त्याचा भाऊ, मग शाळेतला दोस्त, मग दोस्ताची बहीण. आपल्याकडेही तेच: मे २०१४ मध्ये कल्याणहून इराकला गेलेले चौघेही एकमेकांचे मित्रच होते.

मग धोका किती? थॉमस हेगहॅमर या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९९० ते २०१० या काळात परदेशी लढायला गेलेल्या ९४५ पाश्चात्त्य जिहादींची नोंद तपासली. मायदेशातल्या कटांत त्यांतले १०७ सापडले. म्हणजे नवांतला एक. बाकीचे मेले, तिकडेच राहिले, नाहीतर परतून गप्प बसले. सीरियाच्या वेळी हे प्रमाण आणखी कितीतरी खाली आले. पण हेगहॅमरचेच दुसरे निरीक्षण असे, की कटात लढून आलेला माणूस असला तर त्यात माणसे मरण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. १३ नोव्हेंबर २०१५ला पॅरिसमध्ये तेच झाले. हल्लेखोर दहाच, त्यांतले बहुतेक सीरियात राहून आलेले, आणि १३० मृत्यू. 

अशा संशयितांवर नजर ठेवायची म्हटले तर? एका संशयितामागे चोवीस तास राहायला वीसेक माणसे लागतात. २०१७ साली ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर खात्याकडे चालू तपासातले ३,००० संशयित होते, म्हणजे ६०,००० माणसे हवीत. सगळ्या खात्यात मिळून होती ४,०००च्या आसपास. शिवाय तपास बंद झालेले आणखी २०,००० लोक नोंदीत होते. २२ मे २०१७ला मँचेस्टरमध्ये २२ जणांचा जीव घेणारा त्या २०,०००मधलाच. लिबियातून चारच दिवसांपूर्वी परतलेला. अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण रोज त्यांना यादीतली बहुतेक नावे सोडूनच द्यावी लागतात.

माझी खरी तळमळ वेगळ्या आकड्याविषयी आहे. २०१९ साली इस्लामिक स्टेटचा पाडाव झाल्यावर ईशान्य सीरियातल्या अल-होल छावणीत ७०,०००हून जास्त माणसे कोंबली होती. त्यांत नव्वद टक्क्यांवर बायका आणि मुले. बहुतेक सीरिया-इराकची, पण सुमारे ११,००० इतर देशांची. ज्या पोरांनी कुठलेही तिकीट काढले नव्हते, त्यांना घ्यायला श्रीमंत देश तयार नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अठरा लाख वस्तीच्या कोसोव्होने एका विमानातून ११० जण परत आणले, त्यांत ७४ मुले. फ्रान्स एकेक प्रकरण तपासत बसला. आयांसकट मुलांची पहिली मोठी तुकडी त्याने आणली ती जुलै २०२२ मध्ये: ३५ मुले, १६ आया.