आफ्रिकी वनहत्तीचा आहार

आफ्रिकेच्या मध्य व पश्चिम भागांतील उष्ण कटिबंधी वर्षावनांत राहणाऱ्या हत्तीचे शास्त्रीय नाव लॉक्सोडोंटा सायक्लॉटिस असे आहे. पूर्वी त्याला आफ्रिकी हत्तीची एक उपजाती मानीत असत. तथापि आनुवंशिकीय पुराव्यांवरून ती स्वतंत्र जाती ठरली आहे. गवताळ प्रदेशातील आफ्रिकी हत्तीपेक्षा हा आकाराने लहान असून पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची क्वचितच २·५ मी.पेक्षा जास्त भरते. त्याचे कान गोलसर आणि सुळे बरेचसे सरळ व खाली वळलेले असतात. दोन्ही जातींच्या आहारातही मोठा फरक आहे. गवताळ प्रदेशातील हत्ती पावसाळ्यात मुख्यतः गवतावर पोसतो, तर वनहत्ती पाने, साली व फळे खातो. त्यांपैकी फळांना त्याच्या जीवनक्रमात विशेष महत्त्व आहे.

*खाद्यपदार्थ :* गाबाँमधील लोपे येथे झालेल्या अभ्यासांत वनहत्तीच्या आहारातील तीनशेहून अधिक पदार्थांची नोंद झाली. त्यांत झाडांची पाने व साली यांचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी सत्तरांहून अधिक जातींची फळेही आढळली. फळे पिकण्याच्या हंगामात लिदीत त्यांच्या बियांचे प्रमाण खूप वाढते. फळे दुर्मिळ झाली की हत्ती पाने, कोवळ्या फांद्या, साली तसेच वेलदोड्याच्या कुलातील ॲफ्रॅमोमम यांसारख्या वनस्पतींच्या गाभ्यावर निर्वाह करतो. ऑम्फॅलोकार्पम या वृक्षाची फळे खोडावरच लागतात व त्यांचे कवच अत्यंत कठीण असते. हत्ती डोक्याने खोडाला धडका देऊन ती पाडतो आणि दाढांनी फोडतो.

*पचन :* हत्तीचे जठर गाई-म्हशींप्रमाणे अनेक कप्प्यांचे नसते. वनस्पतींतील तूलीराचे (सेल्युलोजाचे) किण्वन अंधनाल व बृहदांत्र यांत सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने होते. अन्न तुलनेने लवकर पुढे सरकत असल्याने त्याचा निम्म्याहून अधिक भाग न पचता बाहेर पडतो. त्यामुळे प्रौढ हत्तीला रोज १०० किग्रॅ.हून अधिक ओला चारा लागतो व दिवसाचा बराच काळ खाण्यात जातो.

*खनिजे :* वर्षावनातील वनस्पतींत सोडियमाचे प्रमाण अल्प असते. ही उणीव भरून काढण्यासाठी हत्ती जंगलातील दलदलयुक्त मोकळ्या जागांत जमतात व सोंडेने खड्डे करून खनिजयुक्त पाणी पितात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील झांगा येथील अशी जागा प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने पडलेल्या रुंद वाटा अशा जागांना व फळझाडांना परस्परांशी जोडतात.

*बीजप्रसार :* गिळलेल्या बियांपैकी अनेक बिया अभंग स्थितीत लिदीवाटे बाहेर पडतात. काँगो प्रजासत्ताकातील नुआबाले-न्दोकी येथे वनहत्तीच्या लिदीत ९६ जातींच्या बिया सापडल्या असून काही बिया मातृवृक्षापासून ५७ किमी.पर्यंत जाऊ शकतात, असा अंदाज आहे. इतक्या अंतरावर मोठ्या बिया नेणारा दुसरा प्राणी त्या जंगलात नाही. बॅलॅनायटीझ विल्सोनियाना हा आपल्याकडील हिंगणबेटाच्या प्रजातीतील उंच वृक्ष असून हत्तीच्या आतड्यातून गेल्यावर त्याच्या बियांचे अंकुरण सुधारते. शिवाय मोठ्या बियांची ही झाडे बहुधा जड लाकडाची असतात, तर पानांसाठी हत्ती हलक्या लाकडाची झाडे पसंत करतो. म्हणून त्याच्या खाण्यामुळे जड लाकडाच्या वृक्षांना वाव मिळतो व जंगलात कार्बनाचा साठा वाढतो. वनहत्ती नाहीसे झाल्यास मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांतील जमिनीवरील जैव वस्तुमान सु. ७ टक्क्यांनी घटेल, असे अनुमान २०१९ मध्ये मांडण्यात आले.

*आहारावरील संकट :* लोपे येथे १९८६ ते २०१८ या काळात वृक्षांच्या फुलण्या-फळण्याची नियमित नोंद ठेवण्यात आली. १९८७ मध्ये साधारण दर दहा झाडांपैकी एकावर पिकलेली फळे आढळत. पुढे हे प्रमाण पन्नासांत एकाहूनही कमी झाले. २००८ नंतरच्या दशकात तेथील हत्तींच्या शरीरस्थितीचा छायाचित्रांवरून काढलेला निर्देशांकही ११ टक्क्यांनी खालावला. काही वृक्षांना फुलण्यासाठी रात्रीचे तापमान विशिष्ट मर्यादेखाली जावे लागते. रात्री अधिक उबदार होऊ लागल्याने फुलोरा घटला असावा, असे संशोधकांना वाटते.

हे संकट हस्तिदंतासाठी होणाऱ्या चोरट्या शिकारीच्या जोडीला आले आहे. ३१ वर्षांत वनहत्तींची संख्या ८६ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळून आल्याने आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये या जातीचा समावेश अतिसंकटग्रस्त वर्गात केला. संरक्षित क्षेत्रात शिकारीला आळा घालता येतो. परंतु तेथील वृक्षांना फळेच धरली नाहीत, तर केवळ पहारा पुरेसा होत नाही. उलटपक्षी हत्तींची संख्या घटल्यास मोठ्या बियांच्या वृक्षांची नवी पिढी विरळ होते आणि पुढील काळातील हत्तींचे खाद्य कमी होते. म्हणून वनहत्तीचे रक्षण व त्याच्या खाद्यवृक्षांचे रक्षण ही दोन कार्ये परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत.