चिनी ग्रंथांचा माग : फर्ग्युसनपासून भोसरीपर्यंत

पुण्याजवळच्या भोसरीच्या एमआयडीसीत चिनी अक्षरं नवी नाहीत. यंत्रांच्या पाट्यांवर, सुट्या भागांच्या खोक्यांवर ती दिसतात. शेजारच्या चाकणला तर ‘सॅनी’ या चिनी कंपनीचा कारखानाच आहे. याच अक्षरांतला प्राचीन ग्रंथसंभार मात्र मराठी वाचकापर्यंत बहुधा इंग्रजीच्या वाटेने येतो. ते इंग्रजी कुणाचं आणि त्यामागची मूळ प्रत कोणती, याचा पत्ता वाचकाला अनेकदा लागत नाही.

पुण्यात याहून फार चांगली परंपरा होती. फर्ग्युसन महाविद्यालयातले पु. वि. बापट हे धर्मानंद कोसंबींच्या परंपरेतले पालीचे अभ्यासक. उपतिस्साचा ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध साधनाग्रंथ मूळ भाषेत अखंड उरलेला नाही. तो टिकला चिनीत, कारण आग्नेय आशियातल्या फुनान राज्याच्या संघपाल या भिक्षूने सहाव्या शतकाच्या आरंभी त्याचं भाषांतर केलं होतं. बापटांनी ते चिनी भाषांतर बुद्धघोषाच्या पाली ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिलं. हा तौलनिक अभ्यास 1937 मध्ये पुण्यातूनच प्रसिद्ध झाला. पुढे 1970 मध्ये त्यांनी अकिरा हिराकावा यांच्यासह ‘समन्तपासादिका’ या विनयपिटकावरील पाली टीकेच्या चिनी रूपाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते भांडारकर संस्थेने छापलं. पालीतला शब्द अडला की चिनीत पाहायचं, चिनीतला अडला की पालीत, अशी ही कामाची रीत. आजही तिच्याहून भरवशाची रीत नाही.

‘विमुत्तिमग्गा’चा तो चिनी पाठ आज भोसरीतल्या कुणालाही फोनवर उघडता येतो. 1924 ते 1934 या काळात जपानमध्ये सिद्ध झालेल्या ‘तैशो’ त्रिपिटकात, म्हणजे चिनी बौद्ध ग्रंथसंग्रहात, त्याचा क्रमांक 1648. तैवानचा ‘सीबीईटीए’ आणि टोकियो विद्यापीठाचा ‘एसएटी’ या दोन्ही ऑनलाइन संग्रहांत हा क्रमांक घातला की ग्रंथ समोर येतो. कन्फ्यूशियस, लाओत्से, सुनत्झू हवे असतील तर डोनाल्ड स्टर्जन यांचा ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ आहे. तिथे अनेक ग्रंथांत मूळ परिच्छेदाखालीच जेम्स लेग किंवा लायनेल जाइल्स यांचं इंग्रजी वाचायला मिळतं.

हीच इंग्रजी भाषांतरं सगळीकडे का दिसतात? गुणवत्ता हे एक कारण, कायदा हे दुसरं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. लेग 1897 मध्ये वारले. जाइल्स 1958 मध्ये गेले, म्हणजे त्यांचं ‘सुनत्झू’ इथे 2019 पासून मुक्त. याच ग्रंथांचे नंतरचे भाषांतरकार डी. सी. लाउ मात्र 2010 मध्ये गेले, त्यामुळे त्यांची भाषांतरं 2070 अखेरपर्यंत परवानगीशिवाय छापता किंवा मराठीत आणता येणार नाहीत. फुकट सापडलेली पीडीएफ म्हणजे मुक्त ग्रंथ, हा समज सोडायलाच हवा.

फुकट मिळणाऱ्या भाषांतरात आणखी एक अडचण असते, ती काळाची. लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’चं लेग यांचं भाषांतर 1891 चं. त्यानंतर 1973 मध्ये मावांगदुईच्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या. प्रचलित ग्रंथाचा उत्तरार्ध त्यांत आधी येतो. 1993 मध्ये ग्वोदियनला बांबूच्या पट्ट्यांवर त्याहून जुना, पण त्रोटक पाठ सापडला. लेगना यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यांची विद्वत्ता त्यामुळे कमी ठरत नाही; पण आजच्या वाचकाला निव्वळ लेग देऊन ‘हेच लाओत्से’ म्हणणं ही त्याची दिशाभूल आहे.

यंत्रभाषांतराने हा प्रश्न सुटेल, असं अनेकांना वाटतं. आजच्या चिनीत पाठवलेल्या पत्रासाठी ते उपयोगी आहे. अभिजात चिनीत मात्र वाक्याचा कर्ता वारंवार गाळलेला असतो, जुन्या प्रतींत विरामचिन्हं नसतात, आणि बौद्ध ग्रंथांत संस्कृत-पाली नावं केवळ ध्वनीने लिहिलेली असतात. तिथे यंत्र बेधडक चुकीचं वाक्य देतं आणि ते इतकं सफाईदार असतं की शंका येत नाही. पाली जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाला ती चूक पकडता येते, म्हणून या कामात त्याचा वाटा मोठा असू शकतो.

मराठी प्रकाशकांनी निदान एवढं करावं : चिनी ग्रंथाच्या प्रत्येक भाषांतराच्या पहिल्या पानावर मूळ प्रत, तिचा क्रमांक आणि मधल्या भाषांतरकाराचं नाव छापावं. आणि पुण्यातल्या पाली विभागांनी ‘विमुत्तिमग्ग’ चिनीतून थेट मराठीत आणण्याचं काम हाती घ्यावं.