डाव्या बाजूचे शून्य आणि आपला हिशेब

आपल्या देशात जन्मलेले शून्य अरब गणितज्ञांनी स्वीकारले, त्याला 'सिफ्र' हे नाव दिले आणि त्यांच्या मार्फत ते युरोपात पोहोचले. उजव्या बाजूला बसलेल्या शून्याची किंमत लहान मुलालाही कळते. दहाचे शंभर होतात, शंभराचे हजार. डाव्या बाजूच्या शून्याला मात्र काही किंमत नाही, असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. गणितात ते खरेच आहे. व्यापारात ते खरे नाही, आणि संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला, कारखानदाराला व कारागिराला या एका गैरसमजाचा मोठा भुर्दंड पडू शकतो. म्हणून आज आम्ही या पानावर डाव्या बाजूच्या शून्याचाच विचार करणार आहोत.

संख्या वेगळी, खूण वेगळी

संगणकाच्या दृष्टीने दोन प्रकारची माहिती असते. एक संख्या, दुसरी अक्षरे. सुताचे वजन, कापडाचे मीटर, मजुरीचे रुपये या संख्या आहेत. त्यांची बेरीज-वजाबाकी होते. परंतु बँकेचा खाते क्रमांक, मालाचा एचएसएन कोड, फोन नंबर, डिझाइन नंबर, बिल नंबर हे अंकांनी लिहिलेले असले तरी संख्या नव्हेत. त्या खुणा आहेत, नावे आहेत. दोन गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची बेरीज कोणी करीत नाही.

संगणकाला हा फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, रकाना 'नंबर' प्रकारचा ठेवला तर ००४५ लिहिले काय आणि ४५ लिहिले काय, आत साठते ते फक्त ४५. शून्ये कोठे लपून राहत नाहीत, ती साठवलीच जात नाहीत. तोच रकाना 'टेक्स्ट' म्हणजे अक्षरांचा ठेवला तर ००४५ जसेच्या तसे राहते.

यातून एक सोपी कसोटी निघते. ज्या आकड्याची तुम्ही कधी बेरीज करणार नाही, तो आकडा टेक्स्ट म्हणून साठवा. नवे सॉफ्टवेअर बनवून घेताना करणाऱ्याला ही एक गोष्ट निक्षून सांगितली तरी पुढचा बराचसा त्रास टळतो.

शून्य नेमके कोठे असते?

एचएसएन कोडच्या १ ते ९ या प्रकरणांतील सर्व माल शून्याने सुरू होतो. म्हशीचे हाडविरहित गोठवलेले मांस ०२०२३०००, खजूर ०८०४, चहा ०९०२, मिरची ०९०४, हळद ०९१०. मांस निर्यात, सुका मेवा, मसाले आणि फळांच्या धंद्यातील आपल्या बांधवांचा बहुतेक माल याच प्रकरणांत येतो. शून्य गळाले की ०८०४ चे ८०४ होते, आणि तो कोड राहतच नाही.

जीएसटीत राज्यांचे कोडही दोन अंकी आहेत. महाराष्ट्राचा २७ असल्याने घरच्या व्यवहारात अडचण येत नाही. पण दिल्लीचा ०७, राजस्थानचा ०८, उत्तर प्रदेशाचा ०९ आहे. कानपूरच्या चामड्याच्या किंवा भदोहीच्या गालिच्यांच्या व्यापाऱ्याची नोंद करताना राज्याचा वेगळा रकाना नंबर प्रकारचा असेल, तर तेथे नुसता ९ उरतो.

आयात-निर्यातीचा आयईसी क्रमांक २०१७ पासून नव्या निर्यातदारांना पॅनसारखाच मिळतो व त्यात अक्षरे असतात. परंतु त्याआधीचे क्रमांक दहा अंकी असत, आणि मुंबई कार्यालयाने दिलेले क्रमांक ०३ ने सुरू होत. जुन्या निर्यातदारांच्या यादीत हे शून्य सांभाळावे लागते.

अमेरिका व कॅनडातील मालाचा बारकोड बारा अंकी असतो. तो तेरा अंकी पद्धतीत लिहिताना डाव्या बाजूला शून्य येते. अमेरिकेतील न्यू जर्सी व मॅसॅच्युसेट्स या राज्यांचे टपाल कोडही शून्याने सुरू होतात. तेथील गिऱ्हाइकाला पार्सल पाठवणाऱ्या कारागिराने पत्त्याचा कोड चार अंकी दिसला की लगेच थांबावे. आपला पिन कोड कधीच शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे ही चूक आपल्या सहज लक्षात येत नाही.

मजुरीचा प्रश्न

सर्वांत गंभीर बाब खाते क्रमांकाची आहे. काही बँकांच्या खाते क्रमांकांत सुरुवातीचे अंक शाखेची खूण असतात, आणि जुन्या शाखांची खूण शून्यांनी सुरू होते. समजा, एका यंत्रमाग कारखानदाराने चाळीस कामगारांची यादी करून आठवड्याची मजुरी एकाच फाइलने बँकेत पाठवली. यादीत एका कामगाराचा क्रमांक ००१२३४५६७८९० आहे. फाइल उघडताना त्याचे १२३४५६७८९० झाले. अशा वेळी बहुधा रक्कम परत येते आणि कामगाराची मजुरी लांबते. पण उरलेला आकडा दुसऱ्या कोणाचा खरा खाते क्रमांक असेल तर?

रिझर्व्ह बँकेने २०१० साली स्पष्ट केले की, एनईएफटी व आरटीजीएसमध्ये रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा होते. नावाशी मेळ घातला जाईलच असे नाही, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची आहे. १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय द्यावी, असा आदेश झाला. ही सोय जरूर वापरावी. तरीही मोठी यादी पाठवताना प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालणे आपल्याच हाती आहे. नवा कामगार किंवा नवा व्यापारी असेल तर आधी एक रुपया पाठवून तो मिळाल्याची खात्री करावी. मजुराची मजुरी वेळेवर देण्याबाबत प्रेषितांची (स.) ताकीद आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

चूक होते कोठे?

अनेकदा डेटाबेसमध्ये माहिती बरोबर असते आणि ती बाहेर काढताना बिघडते. बँक, हिशेबनीस किंवा सरकारी पोर्टल यांना माहिती देण्यासाठी 'सीएसव्ही' फाइल काढली जाते. ही साधी मजकुराची फाइल असते. दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, एवढाच तिचा नियम. कोणता रकाना संख्येचा व कोणता अक्षरांचा, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले नसते. आपण ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडतो. एक्सेल अंक पाहते, त्यांना संख्या समजते आणि डावीकडची शून्ये काढून टाकते. मग आपण सवयीने 'सेव्ह' दाबतो, आणि मूळ फाइलमधली शून्येही जातात. आकड्याभोवती अवतरणचिन्हे घातली तरी एक्सेल तेच करते.

खाते क्रमांक लांब असेल तर आणखी एक धोका आहे. एक्सेल संख्येचे पंधरा अंकच नेमके सांभाळते. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक तेथे शून्य होऊन जातो. म्हणजे डावीकडचे खरे शून्य जाते आणि उजवीकडे खोटे शून्य येते! बारा किंवा अधिक अंकांची संख्या एक्सेल दशांश चिन्ह व 'ई' हे अक्षर घालून आखडून दाखवते. तशा अवस्थेत सीएसव्ही सेव्ह केली तर मधले अंकही कायमचे जातात.

उपाय

पहिला उपाय : सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. आधी एक्सेल उघडा, 'डेटा' या विभागात जाऊन मजकुराची फाइल आत घेण्याची सोय निवडा आणि खाते क्रमांक, कोड, फोन या रकान्यांना 'टेक्स्ट' प्रकार द्या. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत आणखी एक सोय दिली. 'ऑप्शन्स' मधील 'डेटा' विभागात डावीकडची शून्ये काढण्याची आपोआप होणारी क्रिया बंद करता येते.

दुसरा उपाय : हाताने यादी करीत असाल तर लिहिण्यापूर्वी रकाना टेक्स्ट करा. शून्य गेल्यानंतर रकाना टेक्स्ट केला तरी गेलेले शून्य परत येत नाही. एखाददुसरी नोंद असेल तर आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप केले तरी चालते. मात्र हे चिन्ह सॉफ्टवेअरकडून थेट सीएसव्हीमध्ये घालून घेऊ नका. तेथे ते मजकुराचाच भाग बनते आणि बँकेची यंत्रणा क्रमांक नाकारू शकते.

तिसरा उपाय : बँकेला पाठवायची फाइल तपासताना ती नोटपॅडमध्ये उघडा. नोटपॅड काहीच बदलत नाही. फाइलमध्ये खरोखर काय आहे, ते तेथे दिसते.

दाखवणे आणि साठवणे

एक्सेलमध्ये रकान्याला '००००' असे स्वरूप दिले की ४५ हा आकडा ००४५ दिसतो. हे फक्त वरचे कपडे आहेत. आत ४५ च असते. अनुक्रमांक छापण्यासाठी ही युक्ती ठीक आहे. खाते क्रमांकांसाठी नाही, कारण सर्व बँकांच्या क्रमांकांची लांबी सारखी नसते.

डेटाबेसमध्ये 'एलपॅड' नावाची आज्ञा डावीकडे शून्ये भरून ठरावीक लांबी करून देते. तिच्यात एक खोच आहे. लांबी चार दिली आणि क्रमांक पाच अंकी निघाला, तर मायएसक्यूएल, ओरॅकल व पोस्टग्रेस यांत ती शेवटचा अंक कापून टाकते. १२३४५ चे १२३४ होते. बिलांची संख्या दहा हजारांवर जाताच दोन बिलांना एकच क्रमांक मिळू लागतो. म्हणून लांबी ठरवताना पुढच्या वर्षांचा विचार करावा. मायएसक्यूएलमधील 'झिरोफिल' ही जुनी सोयही आता टाळावी, असे त्याच्या निर्मात्यांनीच ८.०.१७ या आवृत्तीपासून सांगितले आहे.

टेक्स्ट ठेवल्यावर एक शिस्त मात्र पाळावी लागते. टेक्स्टमध्ये ७ आणि ००७ ही दोन वेगळी नावे आहेत. एका मुनिमाने डिझाइन ७ लिहिले, दुसऱ्याने ००७, तर एकाच साडीचा साठा दोन ठिकाणी दिसेल. क्रम लावतानाही १, १०, २ असा विचित्र क्रम लागतो. सर्वांनी पहिल्यापासून ००१, ००२, ०१० असे तीन अंकी लिहिले तर दोन्ही अडचणी मिटतात.

जेथे शून्य नको

प्रत्येक ठिकाणी शून्य हवेच असे नाही. पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. त्यात बिल क्रमांक शून्याने सुरू होऊ शकत नाही. ००४५ असा क्रमांक तेथे नाकारला जातो. त्याऐवजी अक्षराने सुरुवात करून 'ए-००४५' असे लिहावे. एकूण लांबी सोळा अक्षरांच्या आत ठेवावी. अक्षर पुढे असल्यामुळे एक्सेलही त्याला हात लावत नाही.

तसेच सौदी अरब व अमिरातीतील मोबाइल क्रमांक तेथे स्थानिक पातळीवर ०५ ने लिहितात, पण येथून फोन करताना देशाचा कोड ९६६ किंवा ९७१ लावून ते शून्य गाळावे लागते. आखातातील गिऱ्हाइकांचे क्रमांक देशाच्या कोडसह एकाच पद्धतीने लिहून ठेवणे उत्तम.

गेलेले शून्य परत मिळते का?

लांबी ठरलेली असेल तर मिळते. एचएसएन कोड नेहमी दोन, चार, सहा किंवा आठ अंकी, म्हणजे सम अंकी असतो. यादीत तीन, पाच किंवा सात अंकी कोड दिसला तर डावीकडचे एक शून्य गळाले असे समजावे. राज्याचा कोड दोन अंकी, जुना आयईसी दहा अंकी. तेथेही शून्य भरता येते. खाते क्रमांकाच्या बाबतीत मात्र अंदाज करू नका. पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश मागवा आणि त्यावरून पुन्हा लिहा.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या सूरह बकरातील २८२ व्या आयतीत आला आहे, आणि ती कुरआनमधील सर्वांत मोठी आयत आहे. पूर्वी लिहिणारा मुनीम होता, आज संगणक आहे. संगणकाने काय लिहिले हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपल्यावरून उतरलेली नाही. दुसऱ्याचा खाते क्रमांक आपल्या वहीत असतो तेव्हा ती एक अमानत असते. ती शून्यासकट जपली पाहिजे.